एकच कटर सगळ्याला? बीड, अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेससाठी कार्बाइड एंडमिल निवडताना

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत नवा व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) बसला की पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो, "सगळ्याला चालेल असा एखादा कटर सांगा की." चार फ्लूटचा (चिप बाहेर काढणाऱ्या चार खाचा, म्हणजेच चार दात असलेला), काळसर कोटिंगचा कार्बाइड एंडमिल (कार्बाइड या कठीण मटेरियलचा, टोकानं आणि कडेनं कापणारा कटर) हे त्याचं ठरलेलं उत्तर. कोल्हापुरात निम्मं तरी काम बिडाचं, म्हणून ते खपूनही जातं.

ग्रे बिडाला तो खरंच योग्य आहे. बिडातल्या ग्राफाइटमुळे चिप (कापून निघालेला कीस) बारीक तुटते, फ्लूटमध्ये जागा फार लागत नाही, त्यामुळे चार दात परवडतात. इथं कटर मोडत नाही, झिजतो. कास्टिंगची कातडी कडक असते, तिच्यात वाळू चिकटलेली असते. पहिला कट अर्धा मिलिमीटर घेतला तर धार त्या कातडीवरच घासत राहते. पहिल्याच पासला कातडीच्या खाली उतरा. १० मिमीच्या कटरला धारेचा वेग मिनिटाला १०० मीटर धरला तर सुमारे ३,२०० आरपीएम येतात, आणि दाताला ०.०५ मिमी फीड (एक दात कापताना सरकायचं अंतर) दिला तर टेबल मिनिटाला ६४० मिमी सरकतो. सुरुवातीला एवढं पुरे. कूलंट बंद ठेवून हवा मारा, नाहीतर बिडाच्या भुकटीचा चिखल होतो. एसजी (गोल ग्राफाइटचं) बीड जास्त चिवट, तिथं वेग थोडा उतरवा.

अ‍ॅल्युमिनियमला नेमका हाच कटर नको. चिप लांब आणि मऊ, तिला बाहेर पडायला खोल फ्लूट लागतो. म्हणून दोन किंवा तीन फ्लूट, पॉलिश केलेला, बिनकोटिंगचा. त्या काळसर टायअल्एन (टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम-नायट्राइड) कोटिंगमध्ये अ‍ॅल्युमिनियमच असतं आणि जॉबचं मटेरियल त्याला चिकटायला बघतं. मी एकदा घाईत बिडाचाच कटर लावून पॉकेट (जॉबमधला खळगा) मारायला घेतलं. फ्लूट भरले, कटर गेला आणि जाता जाता जॉबही घेऊन गेला. वाचवलेल्या कटरच्या पैशापेक्षा तो जॉब महाग पडला. एलएम ६ सारख्या मिश्रधातूत मात्र १० ते १३ टक्के सिलिकॉन असतं, ते साध्या कार्बाइडची धार खातं. असा माल रोज येत असेल तर डीएलसी (हिऱ्यासारख्या कठीण कार्बनच्या) कोटिंगचे जादा पैसे वसूल होतात. वेग मिनिटाला २५० मीटर धरला तर १० मिमीला ८,००० आरपीएम लागतात. आपल्याकडच्या बऱ्याच स्पिंडलची (कटर फिरवणाऱ्या दांड्याची) धाव तिथंच संपते. त्यापुढची ताकद कटरमध्ये असली तरी उपयोगाची नाही.

एमएसला (साध्या मऊ स्टीलला) बिडाचा चार फ्लूट चालतो, वेगळं घेऊ नका.

३०४ स्टेनलेसला ऑपरेटर घाबरून फीड कमी करतो, आणि तिथंच कटर मरतो. धार कापायची सोडून घासायला लागली की पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि पुढचा दात त्या कडक थरावर आदळतो. वेग ६०-८० मीटरवर आणा, फीड सोडू नका. कूलंटची धार अखंड हवी. मध्येच थांबली की तापलेल्या कार्बाइडला तडे जातात. दातांमधलं अंतर असमान ठेवलेला कटर इथं थरथर कमी करतो, महाग असला तरी घ्यावा.

कास्टिंगचं फेस मिलिंग (वरचं तोंड सपाट करणं) असेल तर सॉलिड कार्बाइडचा विचारच नको. इन्सर्टचा (बदलता येणाऱ्या छोट्या पात्यांचा) कटर घ्या. एक कोपरा गेला की दुसरा फिरवायचा. डब्यावरचा रंगही बघा: बिडाला लाल, स्टीलला निळा, स्टेनलेसला पिवळा, अ‍ॅल्युमिनियमला हिरवा. सॉलिडला पुन्हा धार लावता येते, पण व्यास घटतो आणि धारेवरचं कोटिंग जातं. ऑफसेट (मशीनमध्ये भरलेलं कटरचं माप) न बदलता तो कटर लावला की पॉकेट लहान निघतं.

उद्यमनगरात काउंटरवर भाव विचारण्याआधी कटर कोलेटमधून (तो पकडणाऱ्या चिमट्यातून) किती बाहेर राहणार ते मोजून जा. ही लांबी दुप्पट झाली की वाकणं आठपट होतं. ३० मिमीत भागत असेल तर लांब कटर स्वस्तात मिळाला तरी ठेवून या.