दहा दिवसांचे विपश्यना शिबिर : एका नव्या साधिकेचा अभिप्राय

गेली दोन वर्षे माझी सकाळ युद्धाच्या बातम्यांनी सुरू होत असे. चहा उकळेपर्यंत युक्रेन आणि गाझामधली दृश्ये मोबाइलवर पाहून झालेली असत आणि पहिला घोट घेताना जबडा आवळला गेल्याचे जाणवे. रक्तदाबाची गोळी वाढवावी लागली, तेव्हा डॉक्टरांचा सल्ला घेऊन मी दहा दिवसांच्या निवासी विपश्यना शिबिरासाठी अर्ज केला. इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ साली सुरू झाले आणि आता देशभर अशी अनेक केंद्रे आहेत. मी गेले ते केंद्र त्यांपैकीच एक. त्याचे नाव लिहीत नाही, कारण अभ्यासक्रम सर्वत्र एकच असतो आणि मला एक तक्रारही नोंदवायची आहे.

पहिल्याच संध्याकाळी मोबाइल, पुस्तके, वही आणि पेन कार्यालयात जमा करावे लागते आणि आर्य मौन, म्हणजे बोलणे आणि खाणाखुणाही बंद, सुरू होते. पहाटे ४ वाजता घंटा होते. ध्यान ४.३० ला सुरू होते, न्याहारी ६.३० ला आणि जेवण ११ वाजता मिळते. संध्याकाळी ५ वाजता नव्या साधकांना चहा आणि फळे दिली जातात, त्यानंतर काहीही नाही. भुकेची मला भीती होती. ती तिसऱ्या दिवशी संपली. जेवण साधे, गरम आणि चवीचे होते.

पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकातून आत-बाहेर जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवणे, एवढेच काम असते. ते सोपे वाटले होते, तसे ते अजिबात नाही. श्वास दोन-तीन वेळा जाणवला की मन थेट बातम्यांकडे धावे. तिसऱ्या दिवशी दुपारी ध्यानकक्षात बसले असताना ‘क्षेपणास्त्र’ हा एकच शब्द मनात आला आणि त्या क्षणी माझे दात एकमेकांवर घट्ट दाबले गेल्याचे मला स्पष्ट कळले. समोर पडदा नव्हता, निवेदकाचा आवाज नव्हता, तरीही शरीर घरच्यासारखेच वागत होते. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहत राहणे, शिकवली गेली आणि पाचव्या दिवसापासून अधिष्ठानाच्या बैठकी आल्या, ज्यांत तासभर हात, पाय आणि डोळे न हलवता बसायचे असते. गुडघा पेटल्यासारखा झाला आणि चाळीसेक मिनिटांनी तीच वेदना हलत, विरळ होत गेली. जगाची काळजी म्हणून मी जे जपत होते, त्यात आवळलेल्या जबड्याचाच भाग मोठा होता आणि त्या आवळण्याने कोणत्याही जखमी मुलाला काही मिळत नव्हते, हे मला तिथे उमगले. काळजी खोटी होती असे मी म्हणत नाही. तिला कामाची वाट मिळाली नव्हती.

सूचना आणि प्रवचने आजही सत्यनारायण गोएंका यांच्या ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवली जातात. ते ब्रह्मदेशात जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीने बेजार होऊन ते विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि १९६९ साली ही विद्या घेऊन भारतात आले. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि आपल्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाही ते ध्यान शिकवत. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण इथे संसार किंवा नोकरी सोडायला कोणी सांगत नाही. त्याच देशात १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि त्यानंतर यादवी पेटली. म्हणून ध्यान केले की समाज आपोआप शांत होईल, असे मानायला मी तयार नाही. न्याय, अन्न आणि औषधे यांची कामे कोणाला तरी उठून करावीच लागतात.

शुल्क नाही, राहण्या-जेवणाचा खर्च आधीच्या साधकांच्या दानातून भागतो आणि शिबिर पूर्ण केल्यावरच दान स्वीकारले जाते. स्वयंपाकघरातले धम्मसेवकही मोबदला न घेता राबतात. आता तक्रार. अर्जात मानसिक आजाराविषयी प्रश्न असतात, परंतु आमच्या केंद्रावर नोंदणीच्या वेळी ती उत्तरे घाईने चाळली गेली. सहाव्या दिवशी शेजारच्या खोलीतील एक तरुणी रात्रभर रडत होती आणि सकाळी तिला घरी पाठवावे लागले. तिच्याशी आधी पंधरा मिनिटे शांतपणे बोलले गेले असते, तर हा त्रास टळण्याची शक्यता होती. नैराश्याचे किंवा तत्सम उपचार चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये आणि अर्जात काहीही लपवू नये.

दहाव्या दिवशी मंगल मैत्रीनंतर, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याच्या ध्यानानंतर, मौन सुटले, अकराव्या दिवशी सकाळी मोबाइल परत मिळाला. युद्धे चालूच होती. घरी आल्यापासून मी सकाळी तासभर बसते, बातम्या दुपारी छापील वर्तमानपत्रात वाचते आणि त्यातून उरलेले पैसे व वेळ वस्तीतल्या वाचनालयाला देते. शिबिराला जाणाऱ्यांनी सैल सुती कपडे, विजेरी आणि पहाटेच्या गारव्यासाठी एक शाल बरोबर घ्यावी. इगतपुरीसारख्या घाटमाथ्यावर जायचे असेल, तर पावसाळ्यात छत्रीही लागते.