मास एअर की स्पीड डेन्सिटी? फॉक्स बॉडी मस्टँगचं इंजिन बांधण्याआधी

१९८६, ८७ किंवा ८८ ची पाच लिटर इंजिनवाली फोर्ड मस्टँग (‘फॉक्स बॉडी’ म्हणतात त्या पिढीतली) हाताशी असेल आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, सिलिंडर हेड, हवा आत नेणारा इनटेक बदलायचं मनात असेल, तर पहिले पैसे कॅमवर घालू नका. इंजिनात शिरणारी हवा कॉम्प्युटर कशी मोजणार, हे आधी ठरवा. हे न ठरवता चांगले महागडे पार्ट टाकलेल्या गाड्या सिग्नलला थरथरत, पेट्रोलचा वास सोडत उभ्या असतात आणि मालक बिचारा कॅम बनवणाऱ्याला दोष देत असतो.

फोर्डने १९८६ मध्ये या इंजिनाला सिक्वेन्शियल इंजेक्शन (एकेका सिलिंडरला पाळीपाळीने पेट्रोल देणारं) आणि ईईसी-फोर कॉम्प्युटर दिला. तेव्हा हवेचा हिशोब स्पीड डेन्सिटी पद्धतीने, म्हणजे दाब आणि आरपीएमवरून अंदाज बांधून व्हायचा. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांना मास एअर, म्हणजे हवा मीटरने प्रत्यक्ष मोजणारी पद्धत आली आणि १९८९ पासून १९९३ पर्यंत सगळ्याच पाच लिटरवाल्यांना. बाहेरून गाड्या सारख्याच दिसतात. बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या नळीवर नजर टाका. मध्ये वायरचं कनेक्टर लावलेला मीटर दिसला तर मास एअर, नुसतीच नळी असली तर स्पीड डेन्सिटी.

स्पीड डेन्सिटीत हवा कोणी प्रत्यक्ष मोजत नाही, तिचा हिशोब केला जातो. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेकच्या नळ्यांमधला) दाब मॅप सेन्सर सांगतो, हवेचं तापमान दुसरा सेन्सर सांगतो, आरपीएम कॉम्प्युटरला माहीतच असतात. या दाबाला आणि या आरपीएमला सिलिंडर किती भरतो, याचा तक्ता कंपनीने आधीच कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलेला असतो. भारतातल्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. पद्धतीत खोट काहीच नाही. मात्र तो तक्ता एका ठरावीक इंजिनाचा असतो. इंजिन बदललं आणि तक्ता तोच राहिला, की हिशोब चुकायला लागतो.

आणि तो सगळ्यात आधी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना चुकतो. समजा मूळ इंजिन आयडलला १८ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम धरत होतं. जास्त ओव्हरलॅपचा कॅम टाकला आणि ते ११ इंचांवर आलं. म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब वाढला. कॉम्प्युटरच्या जुन्या तक्त्यात एवढा दाब म्हणजे इंजिनावर लोड आलाय, सिलिंडर जास्त भरतोय. प्रत्यक्षात दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिल्यामुळे जळालेला वायू उलटा इनटेकमध्ये शिरलेला असतो आणि ताजी हवा तेवढी आलेलीच नसते. तरी इंजेक्टर जास्त पेट्रोल ओततात. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल कमी करायला बघतो, आरपीएम खाली येतात, आयडलचा व्हॉल्व्ह ते सावरायला उघडतो, की पुन्हा वर. गाडी डुलत राहते. हेडर्स (इंजिनाला जोडलेले एक्झॉस्टचे पाइप), एक्झॉस्ट, मागचे गिअर, फिल्टर एवढंच बदलणार असाल, तर मात्र मूळ स्पीड डेन्सिटी खुशाल ठेवा. तिला तेवढं सहज पेलतं.

मास एअरमध्ये नळीतल्या मीटरमध्ये तापवलेली बारीक तार असते. अंगावरून जाणारी हवा तिला थंड करते आणि तिचं तापमान टिकवायला लागणारा करंट म्हणजेच हवेच्या वस्तुमानाचं माप. कॅम कुठला, हेड कुठलं, याच्याशी मीटरला घेणंदेणं नाही. जास्त हवा गेली की जास्त व्होल्टेज. कॉम्प्युटरमध्ये काहीही न लिहिता मध्यम कॅम, मोठं हेड आणि नवा इनटेक चालून जातो तो यामुळेच. लॅपटॉप घेऊन ट्यूनिंग करणारा माणूस तुमच्या आसपास नसेल, तर माझं मत सरळ मास एअरच्या बाजूने आहे.

अर्थात त्याचे हट्ट आहेत. मीटरनंतर कुठेही हवा आत शिरली, अगदी नळीच्या क्लॅम्पमधून, तर ती मोजली जात नाही आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. स्पीड डेन्सिटीत अशी गळती मॅप सेन्सरला दिसते. आयडल चढतं, पण पेट्रोलही त्या मानाने वाढतं. मीटर वळणाला अगदी चिकटून बसवला तर हवा तारेवरून एकसारखी जात नाही. तेल लावायच्या कापडी फिल्टरला तेल जास्त झालं, तर त्याचा थर तारेवर बसतो आणि माप चुकतं. शिवाय मूळ मीटरचं तोंड ५५ मिलिमीटरचं. ताकद वाढवत गेलात की तेच आडवं येतं.

इंजेक्टर मोठे करताना बरेच लोक फसतात, म्हणून इथे नीट थांबून बघू. मूळ इंजेक्टर तासाला १९ पाउंड पेट्रोल देतात. आठ इंजेक्टर म्हणजे १५२ पाउंड. ते ८५ टक्क्यांपर्यंतच चालवायचे म्हटलं तर सुमारे १२९. एका हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पाउंड धरला, तर जेमतेम २५८ हॉर्सपॉवर. १९८७ मध्ये हे इंजिन २२५ चं होतं, म्हणजे हात पसरायला फारशी जागा नाही. २४ पाउंडचे इंजेक्टर टाकले की हाच हिशोब ३२६ वर जातो.

आता कॉम्प्युटरला तर १९ चेच माहीत आहेत. बाजारात यावर उपाय म्हणून २४ पाउंडसाठी ‘कॅलिब्रेट’ केलेला मीटर मिळतो. तो करतो काय? शंभर भाग हवा गेली तर सांगतो ७९. कॉम्प्युटर ७९ भागांपुरता वेळ इंजेक्टर उघडतो, मोठ्या इंजेक्टरमधून शंभराला पुरेल इतकं पेट्रोल येतं आणि मिश्रण बरोबर जुळतं. पण इग्निशनचा तक्ताही त्याच हवेच्या आकड्यावर वाचला जातो. कॉम्प्युटरला वाटतं लोड कमी आहे, म्हणून तो स्पार्क जास्त आधी देतो. साध्या इंजिनात हे खपून जातं. कॉम्प्रेशन वाढवलं असेल किंवा सुपरचार्जर (हवा दाबून भरणारा पंप) असेल, तर हेच डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट घडवून पिस्टन फोडू शकतं. १९९३ च्या मस्टँग कोब्राला फोर्डने २४ पाउंडचे इंजेक्टर आणि ७० मिलिमीटरचा मीटर दिला, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळं कॅलिब्रेशन केलेला एक्स-थ्री-झेड हा कॉम्प्युटरही दिला. धडा घ्यायचा तर यातून घ्या. ईईसी-फोरच्या पाठीवर जे-थ्री नावाचा पोर्ट असतो. तिथे चिप लावून इंजेक्टरचा आणि मीटरचा खरा आकडा लिहून घेतला, तर कॉम्प्युटरशी खोटं बोलायची वेळच येत नाही.

हा पोर्ट स्पीड डेन्सिटीच्या कॉम्प्युटरलाही आहे, आणि इथे निवड पुन्हा खुली होते. चांगला ट्यूनर मिळाला तर तो भरण्याचा तक्ताच नव्या कॅमप्रमाणे लिहून देईल. नळीत अडथळा नाही, मीटरचा खर्च नाही. मात्र पुढच्या वर्षी हेड बदललं की पुन्हा त्याच्या दारात जावं लागतं. टप्प्याटप्प्याने, पगार येईल तसे पार्ट घेणाऱ्याला हे परवडत नाही.

टर्बो किंवा सुपरचार्जर पक्का ठरला असेल, तर पारडं उलटं झुकतं. मीटर कंप्रेसरच्या आधी असेल आणि बायपास व्हॉल्व्हने हवा बाहेर सोडली, तर मोजलेली हवा निघून जाते आणि थ्रॉटल सोडताक्षणी इंजिन पेट्रोलने गुदमरते. ती हवा मीटर आणि कंप्रेसर यांच्या मधल्या नळीत परत आणावी लागते. स्पीड डेन्सिटीला याचं सोयरसुतक नाही. फक्त मूळ मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापुढचं वाचत नाही, म्हणून दोन किंवा तीन बारचा सेन्सर आणि तो समजणारा स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) लागतो. एवढा खर्च करणारच असाल, तर मास एअरच्या फंदात पडू नका.

जनरल मोटर्सने याच काळात उलटा रस्ता धरला. कॅमॅरो आणि फायरबर्डच्या ट्यून्ड पोर्ट इंजेक्शनला १९८५ ते ८९ मास एअर होतं, १९९० ते ९२ स्पीड डेन्सिटी. त्या मास एअरवाल्या कॉम्प्युटरचं मोजमाप सेकंदाला २५५ ग्रॅमवर संपतं. त्यापुढे कितीही हवा जाऊ दे, आकडा तोच. शिवाय या गाड्यांच्या कॉम्प्युटरची चिप सॉकेटमधून काढून बदलता येते. त्यामुळे १९९० ते ९२ ची कॅमॅरो असेल तर मास एअर करत बसण्यापेक्षा चिप लिहून घेणं शहाणपणाचं. कार्ब्युरेटरच्या साठ-सत्तरच्या गाड्यांवर थ्रॉटल बॉडीचं इंजेक्शन बसवणाऱ्यांपुढे तर हा प्रश्न सहसा येतच नाही. ती तयार किट बहुतेक स्पीड डेन्सिटीवर चालतात आणि वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण सांगणारा) ऑक्सिजन सेन्सर बघून तक्ता स्वतःच दुरुस्त करत जातात.

८८ च्या मस्टँगला मास एअर करायचं ठरलंच, तर काम एका शनिवार-रविवारात होण्यासारखं आहे. कॉम्प्युटर पॅसेंजरच्या पायाजवळच्या पॅनेलमागे आहे, ६० पिनांचं कनेक्टर दहा मिलिमीटरच्या एका बोल्टवर. मॅन्युअल गिअरला ए-नाइन-एल, ऑटोमॅटिकला ए-नाइन-पी कॉम्प्युटर लागतो. मीटरचा सिग्नल पिन ५० ला, परतीची वायर पिन ९ ला, वर मीटरला पॉवर आणि ग्राउंड. मॅप सेन्सर काढू नका. त्याची व्हॅक्यूमची नळी तेवढी काढा आणि मॅनिफोल्डकडचं टोक बंद करा. सेन्सर उघडा राहिला की तो बाहेरच्या हवेचा दाब सांगायचं काम करतो. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी असल्यामुळे तिथे पार्टला राज्याचा मंजुरी क्रमांक आहे का, हे विकत घेण्याआधी बघा.

जुना ए-नाइन-एल घेताना झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तीस-पस्तीस वर्षांत आतले कपॅसिटर पाझरतात आणि त्यांचं पाणी बोर्डवरचे तांब्याचे पट्टे खातं. पायाशी हिरवट-तपकिरी डाग दिसले तर किंमत पाडा किंवा सोडून द्या. सगळं बसवून झाल्यावर गाडी गरम करा आणि आयडलला पिन ५० वरचा व्होल्टेज मोजा. मूळ मीटर असेल तर पाऊण व्होल्टच्या आसपास मिळायला हवा. कॉम्प्युटरने बिघाडाचा कोड ६६ दिला तर मीटर बदलायला धावू नका. सिग्नल पोचत नाहीये एवढाच त्याचा अर्थ. आधी ग्राउंडची वायर आणि पिन नीट आत बसली आहे का, ते तपासा.