हॉल ‘होल्ड’वर, तिकिटं विक्रीला: कॉस्प्ले कन्व्हेन्शनमध्ये पैसे कसे बुडतात

कॉस्प्ले म्हणजे ॲनिमे (जपानी कार्टून), कॉमिक्स वगैरेंतल्या आवडत्या पात्राचा वेष करणं, आणि असे चाहते जमतात ते कन्व्हेन्शन. कार्यक्रमाला चार दिवस उरलेले असतात. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो: ‘तुमच्या प्रचंड प्रतिसादामुळे आपण आणखी छान जागी शिफ्ट होतोय!’ पुढच्याच मिनिटाला ग्रुपचं सेटिंग बदलतं, आता फक्त ॲडमिनलाच लिहिता येतं. पोस्टरवर प्रदर्शन केंद्राचं नाव होतं, नवा पत्ता लग्नाच्या हॉलचा. गेल्या आठवड्यापर्यंत दोन हजार लोक येणार होते. या हॉलमध्ये जेमतेम तीनशे पानं उठतात.

पुढचंही ठरलेलं असतं. गेटवर मनगटाला कागदी पट्टा बांधतात. आत सहा टेबलं, त्यातली तीन एकाच कीचेनवाल्याची. चेंजिंग रूम म्हणजे केटररची भांडी ठेवायची खोली, तिला आतून कडी नाही. परदेशी पाहुणा ‘व्हिसाच्या अडचणीमुळे’ पडद्यावर, तेही आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या व्हिडिओत. स्पर्धेचा निकाल टाळ्यांवर. दीड महिना खपून केलेलं फोमचं चिलखत अंगावर, हॉलचा एसी बंद, आणि दुपारी दोनपर्यंत घामानं नि उकाड्यानं खांद्याचा चिकटवलेला जोड उकलायला लागलेला. तिकीट ७९९ रुपयांचं असतं म्हणून बरेच जण ‘जाऊ दे’ म्हणून सोडून देतात. पण कोल्हापूर किंवा नागपूरहून मुंबईला येणाऱ्याच्या हिशोबात जाण्यायेण्याचा खर्च, एका रात्रीची खोली, विग, फोम, रंग असं सगळं असतं. तिकीट हा त्यातला सर्वांत लहान आकडा.

यातले सगळे आयोजक चोर नसतात, आणि हे ध्यानात घेतलं नाही तर माणूस भलत्याच खुणा शोधत बसतो. पैसे घेऊन पसार होणारे थोडेच. बहुतेक वेळा गडी हौशी असतो, स्वतः ॲनिमेचा चाहता असतो, फक्त त्याच्याकडे भांडवल नसतं. हॉलचं भाडं तिकिटांच्या पैशातून भरू, असा त्याचा बेत. हॉलवाल्यांकडे दोन शब्द चालतात. तारीख तात्पुरती नावावर धरून ठेवली तर ‘होल्ड’, आगाऊ रक्कम भरली की ‘कन्फर्म’. इथे विक्री सुरू होते ती होल्डच्या जोरावर. तिकिटं अपेक्षेइतकी खपली नाहीत की आधी पाहुणे गळतात, मग जागा बदलते, मग तारीख. रिफंडचा नंबर सगळ्यांच्या मागून, तोवर खात्यात खडखडाट. म्हणून कुठल्या कन्व्हेन्शनला जायचं हे ठरवताना पोस्टरवर कोण आहे हे नंतर पाहा, माझ्याआधी कोणाकोणाचे पैसे चुकते झालेत हे आधी पाहा.

याचा नमुना म्हणावा असा प्रकार अमेरिकेत घडला. जुलै २०१४ मध्ये शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये डॅशकॉन हे टम्बलर या वेबसाइटवरच्या चाहत्यांचं कन्व्हेन्शन भरलं. पहिल्याच दिवशी रात्री आयोजकांनी जमलेल्यांना सांगितलं, हॉटेल पैसे मागतंय, आत्ताच्या आत्ता १७,००० डॉलर उभे करा, नाहीतर सगळं बंद. आलेल्या पोरांनी खिशातून वर्गणी काढून ते उभे केले. दुसऱ्या दिवशी ज्यांच्यासाठी अनेकांनी जास्तीचे पैसे भरले होते ते पॉडकास्टचे कलाकार, ठरलेलं मानधन हातात न पडल्यामुळे, कार्यक्रम न करता निघून गेले. भरपाई म्हणून देऊ केलेल्या गोष्टींत प्लास्टिकच्या चेंडूंच्या हौदात एक तास जादा खेळायची मुभाही होती. हौद केवढा, तर मुलांच्या वाढदिवसाला हवा भरून ठेवतात तेवढा. लोक तो हौदच लक्षात ठेवतात आणि हसतात. खरी शिकण्यासारखी गोष्ट १७,००० डॉलरची आहे: दारं उघडली तरी हॉटेलचे पैसे चुकते नव्हते.

एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेतल्याच बाल्टिमोरचं युनिव्हर्सल फॅनकॉन हे कन्व्हेन्शन ऐन आठवडाभर आधी ‘पुढे ढकललं’ गेलं. क्राउडफंडिंगने, म्हणजे लोकांच्या ऑनलाइन वर्गणीतून, पैसे गोळा झालेले, लोकांची विमानं आणि हॉटेलं ठरलेली. मग गावातल्याच काही जणांनी त्या शनिवार-रविवारसाठी घाईघाईने एक छोटा मेळावा उभा केला. मोठं नाव बुडतं आणि चार ओळखीची माणसं हॉल मिळवून दिवस साजरा करतात, हे आपल्याकडेही चालतं. कॉलेजच्या ॲनिमे क्लबचा फुकटातला मेळावा कित्येकदा ९९९ रुपयांच्या ‘ग्रँड फेस्ट’पेक्षा चांगला निघतो, कारण त्यांना जागेचं भाडंच नसतं.

आता तपासणीबद्दल. सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीची तपासणी म्हणजे हॉलच्या बुकिंग ऑफिसला फोन. ‘अमक्या आयोजकाचं बुकिंग आहे का’ असं विचारलं तर बहुधा सांगत नाहीत. त्यापेक्षा गिऱ्हाईक होऊन विचारा: ‘त्या शनिवारी-रविवारी हॉल मिळेल का?’ समोरून ‘हो, मोकळा आहे, कोटेशन पाठवू?’ असं आलं तर पोस्टर काहीही म्हणो, तुम्हाला उत्तर मिळालं. ‘एकाने होल्ड केलाय, पण तुम्ही ॲडव्हान्स भरत असाल तर बघू’ असं आलं तर तिकीट आणखी पंधरा दिवस घेऊ नका. बोलण्यात बोलणं निघालं तर आदल्या दिवशीही हॉल लागलेला आहे का, तेही काढून घ्या. मंच, स्टॉल, वायरिंग उभं करायला आदला दिवस लागतोच. आदल्या दिवशी तिथे दुसऱ्याचं लग्न असेल तर दहाचा गेट एकला उघडणार आणि तोवर तुम्ही पूर्ण वेषात फुटपाथवर.

दुसरी तपासणी कागदाची. तिकिटाच्या बिलावर जीएसटी लावला असेल तर त्याचा नंबर मागा आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून पाहा. त्यात १५ अक्षर-आकडे असतात. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन, म्हणून सहाव्या जागेवरचं अक्षर बघायचं: ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘पी’ असेल तर एकटा माणूस. पोस्टरवर ‘एंटरटेनमेंट प्रायव्हेट लिमिटेड’ आणि नंबरात ‘पी’, तर कोणीतरी थापा मारतंय. कंपनी असेल तर तिच्या २१ अक्षर-आकड्यांच्या सीआयएन या नोंदणी नंबरातच स्थापनेचं साल लिहिलेलं असतं. ‘गेली दहा वर्षं’ म्हणणाऱ्याची कंपनी मागच्या वर्षीची निघते, तेव्हा निदान त्याला विचारता तरी येतं. जीएसटी नंबर नसणं हा मात्र गुन्हा नव्हे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. नंबर नाही आणि बिलात १८ टक्के मात्र लावलेत, तर समजून जा.

‘कॉन’ (कन्व्हेन्शनचं छोटं रूप) हा शब्द कोणाच्या बापाचा नाही. भारतात कॉमिक कॉन २०११ पासून भरतंय, दिल्लीतून सुरू होऊन ते मुंबईसह इतर शहरांत गेलं. त्या नावाच्या उजेडात कोणीही गावाचं नाव जोडून ‘कॉन’ काढतो आणि नव्या माणसाला वाटतं, त्यांचीच शाखा. तिकिटाची लिंक आयोजकाच्या अधिकृत पानावरूनच उघडा. सर्चमध्ये वर दिसणारी जाहिरात, इन्स्टावरच्या मेसेजमध्ये आलेला क्यूआर, ‘अर्ली बर्ड आज रात्रीपर्यंत’ यांच्या नादी लागू नका. क्यूआर स्कॅन केल्यावर पैसे जाण्याआधी ज्याच्या खात्यात जाणार त्याचं नाव स्क्रीनवर दिसतं. तिथे कंपनीऐवजी कुणा दादाचं नाव आलं तर तिथेच बॅक दाबा.

पोस्टर मोठं करून बघायची सवय लावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत विलीज चॉकलेट एक्स्पिरियन्स नावाचा प्रकार झाला. तिकीट ३५ पौंडांपर्यंत, जाहिरातीत एआयने काढलेली झगझगीत चित्रं, आणि प्रत्यक्षात जवळपास रिकामं गोदाम. पालक इतके चिडले की पोलीस आले. त्या चित्रांवर छापलेले इंग्रजी शब्दसुद्धा अर्थहीन होते, स्पेलिंगची पार वाट लागलेली. विकत घेण्याआधी कोणी नीट वाचलं असतं तर तिथेच कळलं असतं. मागच्या वर्षीच्या म्हणून दाखवलेल्या फोटोंनाही हाच न्याय. आयोजकाचं रील बघू नका, आलेल्या लोकांनी हातात फोन धरून काढलेले दुपारी तीनचे व्हिडिओ शोधा. तेव्हा गल्ल्या किती भरल्या होत्या, पाण्याची सोय होती का, ते त्यात दिसतं.

पाहुण्यांसाठी एकच नियम: पाहुण्याच्या स्वतःच्या अकाउंटवर घोषणा असेल तरच ती घोषणा. ‘पाहुणे बदलू शकतात’ ही ओळ प्रामाणिक आयोजकही लिहितात, तिला घाबरायचं कारण नाही.

कॉस्प्लेअरच्या हातात मात्र एक चाचणी आहे, जी प्रेक्षकाला करता येत नाही. आयोजकाला ईमेल करा: ‘माझी चार फुटांची तलवार आहे, १० मिमी ईव्हीए फोमची, आत अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप. चालेल का? चेंजिंग रूम किती, दुरुस्तीसाठी टेबल आणि हॉट ग्लू गनला प्लग कुठे?’ खऱ्या आयोजकाचं उत्तर किचकट येतं: टोक गोल करा, पाइपची तोंडं बंद करा, धातू चालणार नाही, गेटवर तपासून टॅग लावू, खेळण्यातली बंदूक असेल तर नळीचं तोंड भगवं हवं. काहीतरी नाकारलेलं असतं, कारण त्यांनी हॉलवाल्यांशी आणि सुरक्षारक्षकांशी आधीच बोलणं केलेलं असतं. पोकळ आयोजकाचं उत्तर दोन मिनिटांत येतं: ‘सब अलाउड है ब्रो, जस्ट कम.’ अशाच ठिकाणी गेटवरचा वॉचमन तलवार काढून ठेवायला लावतो, आणि संध्याकाळी ती मोडलेली मिळते.

स्पर्धेचंही तसंच. नियमांत घडणावळीला किती गुण, सादरीकरणाला किती, विकत घेतलेले भाग किती चालतात, बनवतानाचे फोटो दाखवायचे का, परीक्षण मंचाच्या आधी जवळून होणार का, हे लिहिलेलं हवं. ‘सर्वाधिक लाइक्सवाला विजेता’ म्हणजे तुमच्या मित्रमंडळींकडून फुकट जाहिरात. तिकिटाव्यतिरिक्त ‘पोर्टफोलिओ फी’, ‘ट्रेनिंग फी’ मागितली किंवा ‘तुम्ही गेस्ट कॉस्प्लेअर म्हणून निवडले गेलात, प्रवासखर्च आधी तुम्ही करा, नंतर देतो’ असं आलं तर नाही म्हणा. रोख बक्षिसावर कर कापायचा असेल तर तो बक्षिसाच्या रकमेतूनच कापला जातो. बक्षीस सोडवण्यासाठी आधी ‘प्रोसेसिंग’ भरायला सांगणारा लुबाडतोय. (बक्षीस वस्तूचं, म्हणजे महागडा लॅपटॉप वगैरे असेल, तर करापोटी रक्कम आधी मागणं नियमात बसू शकतं, त्याची पावती घ्या.) स्वयंसेवकांकडून टी-शर्टसाठी ‘रिफंडेबल डिपॉझिट’ घेणारेही आहेत. ते डिपॉझिट कधीच रिफंडेबल नसतं.

स्टॉल घेणाऱ्या चित्रकारांसाठी थोडक्यात: नुसतं ‘स्टॉल’ म्हणून पैसे भरू नका. आराखडा, त्यात तुमचा नंबर, माप (३ बाय ३ मीटर की नुसतं टेबल), ५ अँपिअरचा पॉइंट की १५चा, हे लेखी घ्या. एकच नंबर दोघांना विकलेला असतो आणि ते सकाळी आठला कळतं. ‘गेल्या वर्षी दहा हजारांची गर्दी’ असेल तर किती दिवसांत, आणि दोन्ही दिवस आलेला माणूस दोनदा मोजला का, ते विचारा. अर्धे पैसे आधी, अर्धे आराखडा हातात पडल्यावर.

एवढं करूनही फसलात तर सगळ्यांत घातक शब्द ‘रद्द’ नसून ‘पुढे ढकललं’ हा आहे. रद्द म्हटलं की पैसे द्यावे लागतात. पुढे ढकललं म्हटलं की ‘तुमचं तिकीट नव्या तारखेला चालेल’ एवढ्यावर भागतं, आणि नवी तारीख जाहीर होईपर्यंत तुमची पैसे परत मागायची मुदत संपते. म्हणून त्याच दिवशी ईमेलने दोन ओळी लिहा: ‘नवी तारीख मला मान्य नाही. तिकिटाची पूर्ण रक्कम परत करावी.’ कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. सेवा मिळायची होती त्या दिवसापासून साधारण १२० दिवस हाताशी असतात, काही बँका कमी देतात. यूपीआयने कोणा माणसाच्या खात्यात पाठवलेल्या पैशांना ती वाट नाही. पान आणि नंबर दोन्ही गायब झाले असतील तर ती सायबर फसवणूक आहे. ताबडतोब १९३० ला फोन करा आणि व्यवहाराचा १२ आकडी ओळख नंबर (यूटीआर) जवळ ठेवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आयोजक समोर आहे पण टोलवाटोलवी करतोय, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानेही हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. पोस्टर, पाहुण्यांची यादी, हॉलचं नाव असलेलं पान यांचे स्क्रीनशॉट तिकीट घेतानाच काढून ठेवा. जागा बदलली की जुन्या पोस्टा पहिल्या उडतात.

आणि गेटपाशीच शंका आली तर तिकिटाचा क्यूआर स्कॅन करू देऊ नका. एकदा ‘बीप’ झालं की त्यांच्या नोंदीत तुम्ही हजर, आणि पुढे रिफंडच्या प्रत्येक ईमेलला ‘आपण कार्यक्रमाचा लाभ घेतला आहे’ हेच उत्तर येतं. रांगेतून बाहेर या, दाराचा आणि बाहेर लावलेल्या फ्लेक्सचा तारीख-वेळ दिसेल असा फोटो घ्या, आत जाऊन आलेल्या दोघांना विचारा. त्यांच्या मनगटाला पट्टा असेल. तुमचं मनगट मोकळं राहू द्या.