मोठ्या कुत्र्याची टीपीएलओ : आठ महिन्यांनंतर

लॅब्रॅडॉर मादी, वय ५ वर्षं, शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ३४ किलो. उजव्या मागच्या गुडघ्यातलं क्रुसिएट लिगामेंट (मांडीचं हाड आणि नडगी यांना जोडणारा आतला बंध) तुटलेलं, आतल्या बाजूची मेनिस्कसची गादीही फाटलेली. टीपीएलओला, म्हणजे नडगीचा माथा कापून फिरवायच्या शस्त्रक्रियेला, आता आठ महिने झाले. ती ४५ मिनिटं न लंगडता चालते, बसताना पाय बाहेर न टाकता अंगाखाली घेते आणि दोन मांड्यांच्या घेरात जेमतेम १ सेंमीचा फरक उरलाय. शस्त्रक्रिया निवडली ते बरोबरच झालं. पण तेव्हा सगळा खल ‘कोणती पद्धत’ यावर झाला. ‘कोण करणार आणि गुडघा उघडल्यावर काय काय बघणार’ याची चौकशी मात्र फार उशिरा सुरू झाली.

पद्धतीचं आधी. कुत्र्याचं हे लिगामेंट सहसा एका उडीत तुटत नाही, महिनोन्‌महिने झिजत येतं. नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग मागे उतरता असतो. पायावर भार आला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं आणि नडगी पुढे ढकलली जाते. लिगामेंट शाबूत असेल तर ते हे घसरणं अडवतं. टीपीएलओमध्ये लिगामेंट जोडत नाहीत, उतारच कमी करतात : गोल पात्याने नडगीचा माथा कापून फिरवायचा आणि प्लेट-स्क्रूने बसवायचा. उतार २५ अंश असेल आणि तो ५ अंशांवर आणायचा असेल, तर ३० मिमी त्रिज्येच्या पात्याने केलेल्या कापात तुकडा सुमारे १०.४ मिमी सरकवावा लागतो. दोन-तीन मिमीची चूक म्हणजे चार ते सहा अंशांचा फरक, हे लक्षात घेतलं की एक्स-रेवरचं मोजमाप किती काटेकोर हवं ते कळतं.

नायलॉनच्या जाड धाग्याने गुडघा बाहेरून बांधायची जुनी पद्धत स्वस्त आहे आणि १५ किलोच्या आतल्या कुत्र्यांत चांगली चालतेही. ३० किलोंच्या वर तो धागा लवकर सैलावतो किंवा तुटतो. मग सगळी भिस्त सांध्याभोवती तयार होणाऱ्या कठीण पेशीजालावर राहते. टीटीए (नडगीचा पुढचा उंचवटा पुढे सरकवणारी) ही झुरिचमध्ये विकसित झालेली पद्धतही हाड कापूनच करतात. तिच्यात आणि टीपीएलओत निवडायचं झालं तर सर्जनचा हात ज्यावर बसलाय ती घ्यावी. उतार खूप तीव्र असेल तर मात्र टीपीएलओच.

निदानात एक गोष्ट हमखास चुकते. नडगी पुढे सरकते का हे हाताने तपासताना मोठं कुत्रं स्नायू ताठ धरतं आणि गुडघा घट्ट वाटतो. ‘लिगामेंट ठीक आहे, मुरगळलं असेल’ असं ऐकून महिनाभर गोळ्या चालतात आणि तेवढ्यात मेनिस्कस फाटतो. गुंगी देऊन तपासणी आणि गुडघा व घोटा दोन्ही ९० अंशांत ठेवून घेतलेला बाजूचा एक्स-रे, ही दोन्ही झाल्याशिवाय निदान पक्कं धरू नये. या काळात माणसांचं ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक अजिबात देऊ नका, पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. कुत्र्यांसाठीची दुखण्याची गोळी चालू असताना स्टेरॉइडचं इंजेक्शनही नको.

आता सर्जन. आपल्याकडे शस्त्रक्रिया व क्ष-किरणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी असते, ती बघावीच. पण त्या पदवीत टीपीएलओवर हात बसलेलाच असेल असं नाही. म्हणून सरळ विचारा : गेल्या वर्षभरात या वजनाच्या किती केल्या? त्यांचे आधीचे, लगेच नंतरचे आणि आठव्या आठवड्याचे एक्स-रे दाखवाल का? मेनिस्कस दुर्बिणीने किंवा सांधा उघडून, हुक लावून तपासता का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. फाटका मेनिस्कस आत राहिला तर कोन अचूक साधूनही कुत्रं लंगडतच राहतं, आणि मग दोष पद्धतीला लागतो. भूल देणारी वेगळी व्यक्ती असते का, अँटिबायोटिक काप घेण्याच्या अर्धा-एक तास आधी शिरेतून देतात का, आणि प्लेटला संसर्ग होऊन ती काढायची वेळ आली तर खर्च कोणाचा, हेही आधीच लिहून घ्यावं. अंदाजपत्रकात प्लेट, भूल, रात्रीचा मुक्काम आणि नंतरचे एक्स-रे वेगवेगळे मांडलेले असावेत.

गोचिडांचा प्रश्न आपल्या हवेत टाळून चालत नाही. एर्लिकियाने (गोचीड-तापाच्या जिवाणूने) रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट उतरलेल्या असतात, कुत्रं वरून ठणठणीत दिसतं आणि टेबलावर रक्त थांबत नाही. त्या तापात सांधेही सुजतात, म्हणजे लंगडण्याचं कारण तेच असू शकतं. रक्ताची पूर्ण तपासणी, प्लेटलेट आणि गोचीड-तापाची चाचणी शस्त्रक्रियेच्या आठवड्यातलीच हवी, तीन महिन्यांपूर्वीची नाही.

नंतरचे बारा आठवडे घरच्यांची परीक्षा घेतात. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर गळ्यातली प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर रात्रीही काढायची नाही. जखम चाटू देणं हे संसर्गाला आमंत्रण आहे. पहिले दोन आठवडे फक्त शी-शूसाठी पाच-पाच मिनिटं, आखूड पट्ट्यावर, पोटाखालून टॉवेल धरून. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. चाल मुद्दाम संथ ठेवा. घाईत चालवलं तर ती तीन पायांवर उड्या मारत जाते, हळू चालताना चौथा पाय टेकवावाच लागतो. खरा धोका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असतो. दुखणं थांबलेलं असतं, शेपूट हलत असते, पण हाड जुळलेलं नसतं. सोफ्यावरून एक उडी, आणि नडगीचा पुढचा उंचवटा मोडू शकतो किंवा स्क्रू ढिला होतो. आठव्या आठवड्याच्या एक्स-रेत हाड भरलेलं दिसेपर्यंत जिना, पळणं, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती बंद. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर तारीख ठरवायच्या आधी तळमजल्याची सोय बघा. गुळगुळीत फरशीवर दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सलग रबरी चटया हव्यात. पावसाळ्यात पंजे पुसल्याशिवाय आत घेऊ नये आणि पंजांमधले केस कापलेले असावेत.

वजनाचं गणित सोपं आहे. लक्ष्य ३० किलो धरलं तर विश्रांतीची मूळ गरज साधारण ९०० किलोकॅलरी. एक मध्यम पोळी शंभरेक किलोकॅलरीची, म्हणजे ‘दोनच तुकडे’ म्हणत दिवसभरात चारजणांनी मिळून दोन पोळ्या भरवल्या की पाचवा हिस्सा तिथेच गेला. खाणं वाटीने न घेता तराजूवर तोला. आठ महिन्यांत चार किलो उतरले. चालीतल्या सुधारणेचा मोठा वाटा त्याचाच, असं मला वाटतं.

उणं काय, तर गुडघ्याची झीज थांबलेली नाही. ती या शस्त्रक्रियेने मंदावते, थांबत नाही. गार सकाळी पहिली चार पावलं अजून आखडलेली पडतात. आणि दुसरा गुडघा : एकीकडचं लिगामेंट तुटलेल्या सुमारे निम्म्या कुत्र्यांचं पुढे दुसरीकडचंही जातं. म्हणून दर महिन्याला डाव्या मांडीचा घेर टेपने मोजून वहीत लिहायचा आणि बसताना डावा पाय बाहेर पडतोय का ते बघायचं. घेर दोनदा लागोपाठ कमी भरला तर लंगडायची वाट न बघता एक्स-रे.