पन्नाशीत ‘ॲबा’ची गोडी लागली तर: ‘ॲबा गोल्ड’

स्वीडनच्या ‘ॲबा’ या पॉप गटाची ओळख उशिरा झाली असेल तर १९९२चा ‘ॲबा गोल्ड’ हाच संग्रह आधी घ्या. १९ गाणी, जवळपास ७७ मिनिटं. सुरुवात ‘डान्सिंग क्वीन’ने, शेवट १९७४ची युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकून देणाऱ्या ‘वॉटर्लू’ने. गाणी काळाच्या क्रमानं नाहीत, त्यामुळे गट कसा बदलत गेला ते समजत नाही. ही मोठी उणीव.

खरी श्रीमंती आवाजाच्या थरांत आहे. ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटो टेपचा वेग किंचित बदलून थरावर थर चढवत. म्हणून गटातल्या गायिका अग्नेथा आणि फ्रीडा दोघीच गात असल्या तरी कानावर अख्खा घोळका येतो. एकाच स्पीकरच्या ब्लूटूथ डब्ब्यावर डावं-उजवं मिसळून हे सगळं सपाट होतं. साधा वायरचा इअरफोन बरा.

रात्रीच्या ओलिताला वावरात रेंज मिळेलच असं नाही; तालुक्याला गेलात की उतरवून ठेवा. ३२० केबीपीएस या चांगल्या दर्जाला सुमारे १८५ एमबी लागतात. ट्रॅक्टरच्या टेपसाठी पेनड्राइव्ह फॅट-३२ या पद्धतीनं फॉरमॅट करा. मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट असतात, जुन्या टेपला ते वाचता येत नाहीत. फाइलींना ०१, ०२ आकडे द्या आणि त्याच क्रमानं कॉपी करा, कारण बरेच टेप नाव न बघता कॉपीच्या क्रमानं वाजवतात.

१९८२चं ‘द डे बिफोर यू केम’ यात नाही. ते वेगळं मिळवाच, त्यांचं सगळ्यात खोल गाणं तेच.