स्मार्ट टीव्हीवरच्या जाहिरातींचा ताप: सेटिंग, लाँचर, डीएनएस की वेगळा बॉक्स?

टीव्ही आपल्या पैशाचा, ईएमआय आपण भरतोय, आणि चालू केला की अर्ध्या स्क्रीनभर बॅनर कुठल्यातरी वेब सिरीजचा, नाहीतर सरळ गाडीचा किंवा साबणाचा. उपाय आहेत, पण प्रत्येक उपाय वेगळ्या दुखण्यावरचा आहे, आणि हे न बघता लोक पाय-होल (घरच्या नेटवर्कवर जाहिरातींचे पत्ते अडवणारं सॉफ्टवेअर) लावतात आणि मग म्हणतात यूट्यूबवर जाहिराती येतातच की. येणारच ना! यूट्यूब जाहिरात आणि व्हिडिओ एकाच ठिकाणाहून पाठवतं, डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीला, त्यातलं एक अडवता येत नाही. तर ॲपच्या आतल्या जाहिराती, म्हणजे यूट्यूब, जिओहॉटस्टार वगैरे, या तुलनेतून बाहेरच ठेवतो, तिथे प्रीमियम प्लॅन घ्या नाहीतर सहन करा. उरले दोन ताप: होम स्क्रीनवरच्या जाहिराती आणि टीव्हीची हेरगिरी.

हेरगिरी हा शब्द उगाच वापरत नाहीये. एसीआर नावाची सोय बऱ्याच टीव्हींमध्ये असते, ती स्क्रीनवर जे चाललंय त्याचे ठसे घेऊन कंपनीकडे पाठवते. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवरून नीट परवानगी न घेता असा डेटा गोळा केला, २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आणि २०२४ मध्ये संशोधकांनी ब्रिटन-अमेरिकेत सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही तपासले तर एचडीएमआयला लॅपटॉप जोडून टीव्ही नुसता स्क्रीन म्हणून वापरला तरी हे चालूच! चांगली बातमी एवढीच की सेटिंगमधून बंद केल्यावर ते खरंच थांबलं.

म्हणून पहिला नंबर सेटिंगचा, फुकट आणि दहा मिनिटांचं काम. एलजीमध्ये लाइव्ह प्लस आणि होम प्रमोशन बंद करा, सॅमसंगमध्ये व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस, शाओमीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये टीव्ही थेट पॅचवॉलवर, म्हणजे शाओमीच्या स्वतःच्या होम स्क्रीनवर, उघडायचं बंद करता येतं. फायर टीव्हीवाल्यांनी सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, फीचर्ड कंटेंट असं आत जाऊन व्हिडिओ आणि ऑडिओ ऑटोप्ले दोन्ही ऑफ करा, रात्री घरातले झोपलेले असताना बॅनर आपोआप बोंबलायला लागतो तो यानेच गप्प होतो. बॅनर मात्र राहतो. गूगल टीव्हीत ॲप्स ओन्ली मोड आहे, त्यात रेकमेंडेशनच्या रांगा जातात पण वरची प्रमोशनची पट्टी काही जात नाही, शिवाय असिस्टंट, वॉचलिस्ट पण जातात. म्हणजे सेटिंगने हेरगिरी बरीच आटोक्यात येते, जाहिराती अर्धवट. आई-बाबांच्या घरच्या टीव्हीला मी एवढंच करेन, त्यापुढे गेलात की फोन तुम्हालाच येणार.

लाँचर, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं ॲप, बदलणं हा अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही असणाऱ्यांसाठी सगळ्यात मजेशीर उपाय. प्ले स्टोअरवरून प्रोजेक्टिव्ही लाँचर घ्या, होम बटण दाबलं की नुसते तुमचे ॲप, बास. पण त्यासाठी त्याला ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीनवर काय चाललंय ते बघण्याची) परवानगी द्यावी लागते, म्हणजे एका तिसऱ्या माणसावर बराच विश्वास टाकावा लागतो, ते पटत नसेल तर राहू द्या. एलजी-सॅमसंगवाल्यांना हा रस्ताच नाही, फायर टीव्हीवर ॲमेझॉन असले लाँचर चालू नयेत म्हणून धडपडत असतं.

डीएनएसचं थोडक्यात. राउटरमध्ये ॲडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा डीएनएस ९४.१४०.१४.१४ टाकला की काम झालं, पाय-होल हवं तर रास्पबेरी पायसारखा सतत चालू राहणारा छोटा कॉम्प्युटर लागतो. घरातल्या सगळ्या डिव्हाइसना फायदा होतो हे खरं, पण काही टीव्ही, ॲप स्वतःचाच डीएनएस वापरतात, आणि एखादं ॲप अचानक उघडेनासं झालं की दोष तुमच्या माथी. ज्यांना राउटरच्या आत शिरायला आवडतं त्यांनी करा, बाकीच्यांनी नको.

माझं मत विचाराल तर बजेट असेल तर टीव्हीचं वायफाय कायमचं काढा आणि सगळं बाहेरच्या बॉक्सवर बघा. टीव्हीला नेटच नाही तर तो पाठवणार कुठे? तुमच्या टीव्हीतच गूगल टीव्ही असेल तर पहिल्यांदा सेट करताना बेसिक टीव्ही निवडला की अकाउंटही लागत नाही. एचडीएमआय-सीईसी चालू ठेवा म्हणजे बॉक्सच्या रिमोटनेच टीव्ही चालू होतो, आवाजही कमी-जास्त होतो. फक्त बॉक्स कुठला ते बघा, जाहिरातींना कंटाळून फायर स्टिक घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ॲपल टीव्ही सगळ्यात शांत, ॲपलचं स्वतःचं प्रमोशन असतं पण त्यांचं ॲप वरच्या रांगेतून खाली सरकवलं की तेही दिसत नाही. २०२२ चं बेसिक मॉडेल आपल्याकडे १४,९०० ला आलं होतं, ३२ इंची टीव्हीला एवढा खर्च वेडेपणा आहे, ५५ इंचीला चालून जातो. पैसे वाचवायचे तर गूगल टीव्हीचा साधा बॉक्स आणि त्यावर प्रोजेक्टिव्ही.

नवीनच टीव्ही घेणार असाल तर बिनस्मार्ट शोधण्यात फार वेळ घालवू नका, ३२ इंचीपर्यंत मिळतात, त्यापुढे चांगल्या पॅनलचा मिळणं अवघड. दुकानात टीव्ही डेमो मोडवर असतो, नुसते डोंगर आणि पोपट दिसतात. सेल्समनला तो मोड बंद करायला सांगा, तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि होम स्क्रीन पाच मिनिटं नीट बघा, मग भावाचं बोला.