पाऊण टन, दीड टन की दोन टन? बेळगाव भागासाठी पिकअपची निवड

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पिकअप घ्यायला निघालेल्याची पहिली चौकशी ‘किती टन पासिंग?’ अशीच असते, आणि ती रास्तही आहे. मात्र बहुतेक जण त्या उत्तरातला एकच आकडा लक्षात ठेवतात, तो म्हणजे गाडी किती माल उचलते. ज्याला आज शिनोळीवरून चंदगडला, उद्या कोगनोळीवरून कोल्हापूरला आणि परवा चोर्ला घाटाने गोव्यात माल पोहोचवायचा आहे, त्याच्या दृष्टीने आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) दुसरा आकडा, म्हणजे मालासह गाडीचे एकूण वजन, अधिक निर्णायक ठरतो.

याचे कारण कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन ३००० किलोंपेक्षा जास्त नाही, तिला परमिटची सक्ती नाही. वजन त्यापुढे गेले की परमिट आले, आणि राज्याबाहेर नियमित फिरायचे असेल तर राष्ट्रीय परमिट व त्याचे वर्षाला १६,५०० रुपयांचे एकत्रित शुल्क आले. हुबळी किंवा दावणगेरेच्या मालकाने या रेषेकडे दुर्लक्ष केले तरी त्याचे फारसे बिघडत नाही; ज्याच्या गावापासून राज्याची हद्द अर्ध्या तासावर आहे, त्याला मात्र ती रोज आडवी येते. परमिट नको म्हणजे कर, विमा आणि फिटनेसही नको, असा सोयीस्कर अर्थ मात्र कोणी काढू नये.

सर्वांत लहान पर्याय म्हणजे २००५ मध्ये बाजारात आलेली टाटा एस, अर्थात छोटा हत्ती. पाऊण टन वहनक्षमता आणि सुमारे सात फुटांचा हौदा एवढ्या भांडवलावर शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून साड्यांचे गठ्ठे, किराणा किंवा घरसामान नेण्यासाठी तिच्याइतकी सोयीची गाडी दुसरी नाही. घाटाच्या कामासाठी ती घेऊ नये, एवढे सांगून पुढे जातो.

खरी निवड आहे ती दीड टन आणि पावणेदोन ते दोन टन या दोन गटांत. पहिल्या गटात टाटा इंट्रा व्ही ५० सारख्या गाड्या येतात. तिची वहनक्षमता १५०० किलो आणि एकूण वजन २९४० किलो आहे, म्हणजे ती परमिटच्या रेषेच्या आत बसते. दुसऱ्या गटात महिंद्रा बोलेरो पिकअपची १.७ टनी आवृत्ती, बोलेरो मॅक्स पिकअपची दोन टनी आवृत्ती आणि अशोक लेलँडची बडा दोस्त आय ४ या गाड्या येतात, आणि त्या तिन्ही रेषेच्या बाहेर आहेत. एकाच नावाच्या गाडीच्या हलक्या व जड अशा दोन आवृत्त्या असू शकतात. त्यामुळे नावावरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

दीड टन म्हणजे हातात पूर्ण दीड टन पडतो, असेही नाही. लोखंडी जाळी बसवली की शंभर किलो सहज जातात. त्यावर ताडपत्री, दोर, क्लीनर आणि सोबत बसलेला मालाचा मालक. हे सगळे वजा करता मालासाठी साधारण सव्वा टन उरतो. वीट तीन किलोंची धरली, तर खानापूरच्या भट्टीवरून अशा गाडीत चारशेच्या आसपास विटा कायदेशीरपणे भरता येतात. प्रत्यक्षात भट्टीवर त्यापेक्षा कितीतरी जास्त भरल्या जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण जादा भारासाठी कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. म्हणून विटा, वाळू किंवा उद्यमबागेतील फाउंड्रीचे कास्टिंग हा ज्याचा रोजचा माल आहे, त्याने परमिटचा खर्च सोसून मोठाच गट घ्यावा. अशा मालाने हौदा अर्धाही भरत नाही, आणि चाकांवरचे पाटे (स्प्रिंग) मात्र आधी बसतात.

भाजीचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची यांनी हौदा काठोकाठ भरतो, तरी काटा अजून निवांत असतो. इथे वजनापेक्षा हौद्याची लांबी कामाला येते, आणि व्ही ५० चा हौदा साडेनऊ फुटांच्या पुढे असल्याने १.७ टनी बोलेरोच्या नऊ फुटी हौद्यापुढे ती कमी पडत नाही. रताळी आणि बटाटे या दोहोंच्या मधले आहेत: पोती जड, पण थर लावता येणारी. नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या आधी रताळ्यांची आवक वाढते तेव्हा मोठी गाडी फायद्याची वाटते खरी. पण तेवढ्या दिवसांसाठी वर्षभराचा हप्ता वाढवून घेणे मला पटत नाही. त्या दिवसांत दुसरी गाडी भाड्याने लावावी.

गोव्याच्या फेरीत लोक इंजिनची ताकद विचारतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे भाजीची गाडी भरलेली असते ती उतरताना, आणि चढताना बहुधा रिकामी असते. त्यामुळे चोर्ला घाटाच्या वाटेवरच्या कणकुंबीच्या पुढे कस लागतो तो ब्रेकचा आणि टायरचा. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनच्या अडकावावर उतरवली नाही, तर ब्रेक तापून पेडल मऊ पडते. या कामात पंधरा इंची चाकांची, मजबूत बांधणीची बोलेरो अधिक विश्वासाची वाटते, हे कबूल केले पाहिजे. इंट्राला तिथे भार थोडा कमी ठेवूनच उतरवावे.

चालकाचा परवाना आणि विमा या बाबतीत या सर्व गाड्या सारख्याच आहेत. ७५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे, आणि मालवाहू गाड्यांच्या त्रयस्थ विम्याचा पहिला टप्पाही तेवढ्याच वजनापर्यंत आहे.

पिकअपमागे ट्रॉली जोडण्याचा विचार काही शेतकरी करतात. तो सोडून द्यावा. ट्रॉलीला स्वतंत्र नोंदणी लागते, तिचा भार पिकअपच्या ब्रेकवर येतो, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकण्याची दाट शक्यता असते. अथणी-रायबागच्या उसासाठी ट्रॅक्टरच ठीक आहे.

दोन टनांनीही भागत नसेल तर १९८६ पासून रस्त्यावर असलेली टाटा ४०७ आहेच. पण पावसाळ्यातल्या पाणंदीत ती घालणे कठीण, आणि रिकामी उभी राहिली तर तिचा हप्ता अधिक बोचतो. वर्षभराचा माल आधीच ठरलेला असेल तरच तिकडे वळावे. भाजी आणि किरकोळ भाडे असा मिश्र धंदा असणाऱ्याला, ज्याच्या निम्म्याहून अधिक फेऱ्या महाराष्ट्रात किंवा गोव्यात होतात, माझा कौल तीन टनांच्या आतल्या दीड टनी गाडीला आहे. फक्त बुकिंगची रक्कम देण्याआधी शोरूमकडून त्या नेमक्या आवृत्तीचे एकूण वजन कोटेशनवर लिहून घ्यावे, आणि जाळी कोणत्या गेजच्या पत्र्याची बसवायची हेही त्याच वेळी ठरवावे.